इंटरस्टेटचे कौतुक नेमके कशाचे करावे?

न्यू जर्सीत नव्याने राहायला आल्यावर आपण इंटरस्टेट ८० ने, म्हणजे अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्यातल्या ८० क्रमांकाच्या रस्त्याने, शिकागोपर्यंत गाडी चालवत गेलात आणि त्या प्रवासाने भारावून जाऊन चार प्रश्न विचारले आहेत. बाराशेहून अधिक किलोमीटरमध्ये एकही सिग्नल कसा लागला नाही? पाच राज्यांत पाट्या एकसारख्या कशा? पेनसिल्व्हानियात टोल नाही आणि ओहायो-इंडियानात आहे, असे का? आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने बांधले तसे ‘आरशासारखे डांबर’ आपल्याकडे का होत नाही? शिवाय डाव्या लेनमध्ये मागून दिवे चमकवणाऱ्यांबद्दल आपली एक तक्रारही आहे. महामार्गांची आखणी आणि देखभाल हेच माझे काम राहिले आहे, आधी महाराष्ट्रात आणि नंतर बरीच वर्षे इथल्या एका राज्याच्या परिवहन खात्यात. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपले कौतुक रास्त आहे, पण ते चुकीच्या जागी पडले आहे. डांबर हा या रस्त्यांचा सर्वांत सामान्य भाग आहे आणि ८० चा बराचसा भाग तर मुळात काँक्रीटचा होता, ज्यावर नंतर डांबराचे थर चढले. आपल्याला गाडीत बसून जे सुख जाणवले ते मुख्यतः एका मनाईतून आले: या रस्त्यावर कोणालाही, कुठूनही येता येत नाही. शेजारच्या शेतमालकाला नाही, दुकानदाराला नाही, गावच्या नगरपालिकेलाही नाही. रस्त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा फक्त इंटरचेंजवर, म्हणजे जोडरस्ते असलेल्या उड्डाणचौकांवर, असतात, आणि नवी जागा काढायची असेल तर राज्याला आधी केंद्राची परवानगी घ्यावी लागते. ही अट हे जाळे उभे करणाऱ्या १९५६ च्या कायद्यापासून आहे आणि माझ्या मते त्या कायद्यातले सर्वांत मोलाचे कलम तेच आहे. सिग्नल लागला नाही, कारण सिग्नलची गरज पडेल असा एकही चौक ठेवलेला नाही. आडवा रस्ता एकतर वरून जातो किंवा खालून.

याच कलमाचा दुसरा भाग आपल्या प्रवासात आपण पाहिला असेल, कदाचित कारण न कळता. पेनसिल्व्हानियात रस्त्याला लागून एकही पेट्रोल पंप किंवा उपाहारगृह नव्हते. रेस्ट एरियात स्वच्छतागृह, नकाशा आणि नाण्यांवर चालणारी यंत्रे एवढेच होते, आणि पेट्रोल भरायला एक्झिट घेऊन बाहेर पडावे लागले. ओहायोत मात्र रस्त्याच्या हद्दीतच प्रशस्त सर्व्हिस प्लाझा लागले. केंद्राच्या पैशाने बांधलेल्या इंटरस्टेटच्या हद्दीत व्यापारी आस्थापना चालवायला कायद्याने बंदी आहे. ओहायोचा टर्नपाइक, म्हणजे टोलरस्ता, १९५५ मध्ये, म्हणजे कायद्याच्या आधी, स्वतःच्या कर्जावर उभा राहिला होता आणि त्याचे प्लाझा तेव्हापासूनचे आहेत, म्हणून त्यांना सूट मिळाली. महामार्गाला लागून पंप, पंपाला लागून ढाबा, ढाब्याला लागून ट्रक आणि त्या ट्रकसाठी दुभाजक फोडून केलेली वाट, ही साखळी आपल्याकडच्या जुन्या राष्ट्रीय महामार्गांवर कोणीही पाहिलेली आहे. इथे ती साखळी पहिल्याच कडीला तोडली आहे.

मनाईनंतर येते ती भूमिती. रस्ता आखताना आमचा सगळा हिशेब एका माणसाभोवती फिरतो: थोडा दमलेला, थोडा बेसावध, ओल्या रस्त्यावरून ताशी ७० मैलांनी जाणारा चालक. त्याला समोर काहीतरी दिसले, ते ओळखून ब्रेकवर पाय जायला अडीच सेकंद लागले, असे आम्ही धरून चालतो. तेवढ्या वेळात गाडी ७८ मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबेपर्यंतचे एकूण अंतर सुमारे २२२ मीटर, म्हणजे ७३० फूट होते. आता हा चालक साडेतीन फूट उंचीवरून पाहतो आहे आणि पुढे दोन फूट उंचीची वस्तू आहे, असे मानून प्रत्येक चढाचा माथा इतका सपाट करावा लागतो की ती वस्तू त्याला ७३० फुटांवरून दिसलीच पाहिजे. पेनसिल्व्हानियाच्या डोंगरांत रस्ता खोल खिंडी कापत आणि उंच भराव टाकत गेलेला दिसतो, तो या एका अंतरासाठी. वळणाच्या आतल्या बाजूला डोंगर मागे सरकवलेला असतो, तोही त्याचसाठी. चालकाला यातले काहीच कळत नाही. त्याला फक्त इतकेच जाणवते की आपण दचकलो नाही.

रुंदीचे आकडे साधे आहेत: लेन १२ फूट, उजवीकडचा शोल्डर, म्हणजे कडेची पक्की पट्टी, किमान १० फूट, चार लेनच्या रस्त्यावर डावीकडचा ४ फूट, ग्रामीण भागात पुलाखालची उंची किमान १६ फूट. पण मला नवख्या माणसाला दाखवायला आवडते ती शोल्डरच्याही पलीकडची जमीन. रस्त्याची कड संपल्यावर साधारण ३० फूट पट्टा मोकळा आणि सौम्य उताराचा ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे डुलकी लागून रस्ता सोडलेली गाडी झाडावर न आदळता सावरता यावी. सुरुवातीच्या इंटरस्टेटवर हे नव्हते. भक्कम खांब, उघडे कठडे आणि पुलांचे पाये अगदी कडेला उभे होते, आणि चालकाची चूक झाली तर शिक्षा मृत्यूची होती. १९६० च्या दशकात यावर बरेच काहूर माजले, संसदेच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, टेक्सासमधील संशोधकांनी धडक बसताच बुडातून सुटणारे पाट्यांचे खांब विकसित केले, आणि ‘चालकाने चूक करू नये’ याऐवजी ‘चूक झाली तरी त्याने जगावे’ हा आखणीचा पाया ठरला. शोल्डरवर चाक गेले की गुरगुरणाऱ्या खाचा त्याच घराण्यातल्या.

पाट्यांच्या सारखेपणामागे एक राष्ट्रीय नियमपुस्तिका आहे, जिची पहिली आवृत्ती १९३५ सालची. पाटीचा आकार, रंग, अक्षराचे वळण, ती एक्झिटच्या किती आधी लावायची, हे सगळे त्यात ठरलेले असते. एक इंच उंचीचे अक्षर साधारण ३० फुटांवरून वाचता येते, या हिशेबावरून अक्षरांची उंची ठरते. इंटरस्टेटच्या पाट्यांचा हिरवा रंगही कोणाच्या लहरीने आलेला नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेरीलंडमध्ये एका रस्त्यावर हिरव्या, निळ्या आणि काळ्या पाट्या लावून चालकांना विचारले गेले, आणि बहुसंख्यांनी हिरवा निवडला.

क्रमांकांची पद्धत एकदा कळली की नकाशाची गरज निम्मी होते. सम क्रमांक पूर्व-पश्चिम, विषम दक्षिण-उत्तर. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात आणि विषम पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणून ५ प्रशांत किनाऱ्यालगत आहे आणि ९५ अटलांटिक किनाऱ्यालगत, १० दक्षिणेत आणि ९० उत्तरेत. तीन आकडी क्रमांकात शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे असतात. पहिला आकडा सम असेल तर तो रस्ता सहसा शहराला वळसा घालून किंवा शहरातून जाऊन पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळतो, विषम असेल तर तो फाटा. आपल्या वाटेवर यंग्सटाउनजवळ लागलेला ६८० पहिल्या जातीचा, आणि स्क्रँटनकडे जाणारा ३८० दुसऱ्या. एक्झिटचे क्रमांक म्हणजे राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासूनचे मैल. डेलावेअर वॉटर गॅपशी आपण पेनसिल्व्हानियात शिरलात तेव्हा ३१० होता आणि पुढे आकडे उतरत गेले, ते यामुळे. ओहायो किती मैलांवर राहिले, हे प्रत्येक पाटी आपल्याला सांगत होती. सगळ्याच राज्यांनी हे सुरुवातीपासून केलेले नाही, पेनसिल्व्हानियाने तर २००१ मध्ये जुने ओळीने दिलेले क्रमांक बदलले. अपवादही आहेत. पेनसिल्व्हानियातलाच ९९ हा नियमाने अटलांटिक किनाऱ्याजवळ असायला हवा, पण एका खासदाराने तो क्रमांक थेट कायद्यात लिहवून घेतल्यामुळे तो राज्याच्या मध्यभागी जाऊन बसला आहे. एवढ्या शिस्तीच्या व्यवस्थेत अशी एखादी खोडी सापडली की मला बरेच वाटते.

आता मालकीचा प्रश्न. हे रस्ते केंद्र सरकारचे आहेत, हा बहुतेक नवागतांचा समज असतो, आणि तो बरोबर नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २९ जून १९५६ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याने केंद्राकडे पैसा आणि मानके यांची जबाबदारी दिली. जमीन घेणे, निविदा काढणे, बांधणे, बर्फ काढणे, खड्डे भरणे हे सारे राज्यांकडेच राहिले आणि रस्ताही राज्यांच्याच मालकीचा राहिला. खर्चाचा वाटा केंद्राचा ९० टक्के आणि राज्याचा १० टक्के. शंभरातले नव्वद मिळणार असतील तर कोणते राज्य मानके नाकारील? माझ्या पाहण्यात इथली एकसूत्रता हुकमाने आलेली नाही, ती या नव्वद टक्क्यांनी विकत घेतलेली आहे. आयझेनहॉवर यांनी तरुण अधिकारी असताना १९१९ मध्ये लष्कराच्या वाहनांच्या ताफ्याबरोबर वॉशिंग्टन ते सॅन फ्रान्सिस्को असा ६२ दिवसांचा चिखलातला प्रवास केला होता आणि युद्धात जर्मनीचे ऑटोबान, म्हणजे तिथले द्रुतगती मार्ग, पाहिले होते, हे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु जाळ्याचा आराखडा १९४४ च्या कायद्यात आधीच मंजूर झालेला होता. अडले होते ते पैशावर. दर पाच मैलांतला एक मैल विमान उतरवण्यासाठी सरळ ठेवला आहे, ही गोष्टही आपल्या कानावर येईलच. तिला काहीही आधार नाही.

पैसा आला तो इंधनावरच्या करातून. १९५६ मध्ये हा केंद्रीय कर दर गॅलनला दोन सेंटवरून तीन सेंट झाला आणि तो एका स्वतंत्र निधीत जाऊ लागला, जो रस्त्यांसाठीच वापरायचा होता. म्हणून टोल नाही: आपण पेनसिल्व्हानियात टोल भरला नाही, तो प्रत्येक गॅलनमागे पंपावर भरला. ओहायो आणि इंडियाना यांचे टोलरस्ते मात्र १९५५-५६ मध्ये रोख्यांच्या पैशावर तयार झाले होते. त्यांना समांतर दुसरा रस्ता बांधणे हा शुद्ध अपव्यय ठरला असता, म्हणून त्यांनाच जाळ्यात सामील करून घेतले आणि टोलही चालू राहिला. पेनसिल्व्हानियाने पुढे ८० वर टोल लावायचा प्रयत्न केला, पण २०१० मध्ये केंद्राने तो अर्ज अखेर फेटाळला.

डांबराकडे येतो, कारण आपण ते मनावर घेतले आहे. शिकागोच्या पुढे याच ८० वर सुमारे सव्वाशे किलोमीटर गेला असता तर इलिनॉयमधले ओटावा लागले असते. तिथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या, दोन्ही टोकांना वळवून जोडलेल्या पट्ट्यांवरून लष्कराचे जवान दिवसरात्र ट्रक चालवत होते, वेगवेगळ्या वजनांचे, वेगवेगळ्या जाडीच्या थरांवर, रस्ता मोडेपर्यंत. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही आमच्या धंद्याचा कणा आहे: आसावरचे (अ‍ॅक्सलवरचे) वजन दुप्पट झाले तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, अंदाजे सोळा पट होते. म्हणून आपल्या मोटारीने रस्त्याला जवळपास काहीच होत नाही, जे होते ते ट्रकने होते, आणि म्हणून ट्रकांना वजनकाट्यावर बोलावतात. इंटरस्टेटवर एका आसावर २०,००० पौंड, म्हणजे नऊ टनांहून किंचित जास्त, आणि एकूण ८०,००० पौंड ही सर्वसाधारण मर्यादा आहे. भारतात चार टायरांच्या एका आसाची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. चौथ्या घाताचा हिशेब लावला तर तो एक आस इथल्या आसाच्या सुमारे अडीच पट नुकसान करतो, आणि हे कायदेशीर वजनाचे झाले. त्यावरच्या जादा मालाचा हिशेब वेगळा. ठेकेदाराने डांबर खाल्ले, हे आपल्याकडचे नेहमीचे स्पष्टीकरण कित्येकदा खरे असते, पण पुरेसे नसते.

शिवाय आपण हा रस्ता उन्हाळ्यात पाहिलात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, भेगांत शिरलेले पाणी दिवसा वितळून रात्री गोठते आणि बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने पुलांच्या सळया गंजतात, तेव्हा हाच ८० पेनसिल्व्हानियात दात खिळखिळे करतो. जाळ्याचा मोठा भाग ५० ते ६५ वर्षांचा आहे. पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबला आहे, महागाई थांबलेली नाही, आणि २००८ पासून त्या स्वतंत्र निधीत वेळोवेळी सर्वसाधारण तिजोरीतून भर घालावी लागते. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिसमध्ये इंटरस्टेट ३५ डब्ल्यूचा मिसिसिपीवरचा पूल कोसळून १३ माणसे गेली. त्याचे कारण मूळ आखणीतच कमी जाडीची राहिलेली जोडपत्रे (तुळया सांध्यावर जोडणारे पोलादी पत्रे) होती, आणि चाळीस वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. ‘अमेरिकेत बांधतात ते कायमचे’ असे आपण लिहिले आहे, ते मला म्हणूनच पटत नाही.

आणखी एक हिशेब प्रवाशाला दिसत नाही, तो शहरांचा. उघड्या माळावर प्रवेशबंदीचा रस्ता म्हणजे वरदान. वस्तीत तोच रस्ता म्हणजे भिंत. जिथे जमीन स्वस्त आणि विरोध दुबळा, तिथून रेघ ओढली गेली, आणि त्या काळात अशा वस्त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या होत्या: डेट्रॉइटमधील ब्लॅक बॉटम, सेंट पॉलमधील राँडो, मायामीतील ओव्हरटाउन. घरे, चर्च, दुकाने आणि चालत जायच्या वाटा गेल्या, आणि मोबदला फक्त घरमालकांना, तोही तुटपुंजा मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोने १९५९ मध्ये बहुतेक प्रस्तावित रस्ते नाकारले, आणि बंदराकाठचा जो एक दुमजली रस्ता झाला होता तोही १९८९ च्या भूकंपानंतर पाडून टाकला. आज तिथे कोणी त्याची आठवण काढून हळहळत नाही. आखणीकार म्हणून मला हे सांगितलेच पाहिजे, कारण देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम एक टक्क्याहून थोड्या जास्त लांबीवर एक चतुर्थांश वाहतूक वाहून नेणारी ही व्यवस्था याच माणसांच्या जमिनीवरही उभी आहे.

‘आपल्याकडे का नाही’ याचे उत्तर आता अर्धे तरी दिल्यासारखे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्ण चालू आहे आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये नागपूरपासून ठाण्याच्या हद्दीतील आमणेपर्यंत पूर्ण झाला; दोन्हींवर इंटरस्टेटसारखीच प्रवेशबंदी आहे, आणि भूमितीत ते इंटरस्टेटपेक्षा कमी नाहीत. समृद्धीचा आखणी-वेग तर ताशी १५० किलोमीटर आहे, जो इथे सहसा सापडत नाही. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ हे खरे नव्हे. फरक आहे तो जुन्या महामार्गांच्या बाबतीत: ते गावांच्या पेठेतून गेले आणि लोकांनी त्यांच्याकडे तोंड करून घरे-दुकाने बांधली, त्यामुळे ते गावाचा रस्ताही आहेत आणि राष्ट्राचाही. अशा रस्त्याला नुसत्या सहा लेन केल्या तर वेग वाढतो आणि पायी ओलांडणाऱ्याचा जीव जातो. तिथे आधी सलग सेवा रस्ता आणि पुरेसे भुयारी मार्ग, मगच रुंदी, असा क्रम हवा. प्रत्यक्षात बहुधा उलट होतो, कारण रुंदी छायाचित्रात दिसते.

राहिली आपली डाव्या लेनची तक्रार, आणि त्यात दोष मागच्याचा कमी आहे. इथे उजवीकडून चालायचे आणि ओलांडण्यापुरतेच डावीकडे जायचे, हा नियम आहे. न्यू जर्सीत डाव्या लेनमध्ये रेंगाळल्याबद्दल दंडही होतो. मधल्या किंवा दुभाजकालगतच्या लेनमध्ये वेग धरून राहण्याची आपल्याकडची सवय अशी आहे की कडेची लेन रिकामी असली तरी लक्षात येत नाही. आणखी एक गोष्ट: शोल्डरवर पोलिसांची, रुग्णवाहिकेची किंवा टोइंगची गाडी दिवे लावून उभी असेल तर तिच्या लगतची लेन सोडायची, आणि ती सोडणे शक्य नसेल तर वेग बराच कमी करायचा. हा कायदा पन्नासही राज्यांत आहे, कारण त्या १० फुटांच्या पट्टीवर उभे राहून काम करणारी माणसे दरवर्षी मारली जातात, आणि त्यांत माझ्या खात्यासारख्या खात्यांचे कामगारही असतात.